मुंबई बंदरात दोन तास: शिडाची बोट की मोटर यॉट?

‘सूर्य समुद्रात बुडताना बघायचाय, म्हणून बोट घ्यायची आहे’ असं कोणी म्हणालं की मी आधी त्याच्यापुढे नकाशा ठेवते. गेटवे ऑफ इंडिया पूर्वेकडे तोंड करून उभा आहे. समोरचं पाणी हे मुंबईचं बंदर, आणि पलीकडे घारापुरीचा डोंगर आणि उरण. बोटीतून पाहिलं तर मावळतीचा सूर्य ताजच्या घुमटामागे आणि कुलाब्याच्या इमारतींमागे जातो, पाण्यात नाही. देखावा वाईट नसतो. इमारती काळ्या पडतात, आभाळ तांबूस होतं आणि ताजचे दिवे एकेक लागायला लागतात. फक्त जाहिरातीतल्या फोटोत समुद्राला टेकलेला लालबुंद गोळा असतो, तो इथून दिसत नाही. उगवतीचा सूर्य मात्र थेट घारापुरीच्या बाजूने वर येतो. पण त्यासाठी पहाटे साडेपाचला गेटवेवर हजर राहणारी माणसं घरात किती असतात?

मरीन ड्राइव्हचंही तेच. रात्री राणीचा हार समुद्रातून पाहू, अशी पुष्कळांची कल्पना असते. मरीन ड्राइव्ह कुलाब्याच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिमेला आहे. तिथे जायचं तर आधी दक्षिणेला कुलाब्याचं टोक गाठायचं. तिथून पाण्याखाली खडक लांबवर पसरलेत आणि त्यांच्या शेवटी प्राँग्जचं दीपगृह उभं आहे. त्याला वळसा घालून पुन्हा उत्तरेला चढायचं. शिडाच्या बोटीला नुसतं जायला दीड-दोन तास सहज लागतात. एक-दोन तासांच्या फेरीत बोट बंदरातच फिरते: गेटवेवरून निघायचं, ससून डॉक आणि नेव्ही नगर उजव्या हाताला ठेवत संक रॉकच्या दीपगृहाकडे जायचं आणि परतायचं. कोणी ‘दोन तासांत सी-लिंक दाखवतो’ म्हणालं, तर बोट निघणार कुठून हे आधी विचारा.

एवढं कळलं की अर्धा निर्णय झाला. उरलेला अर्धा बोटीचा.

हे सगळं आत्ता निघालं ते नणंदेच्या फोनवरून. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, जानेवारीत नऊ माणसं, दोन तास, ‘वहिनी, तू सांग, शिडाची घेऊ की मोठी यॉट?’ मी दोन्हींतून फिरले आहे आणि माझं मन शिडाच्या बाजूला आहे, हे आधीच कबूल करते.

शिडाची बोट म्हणजे साधारण चोवीस ते तीस-बत्तीस फुटांची, पाच-सहा पाहुणे, एक स्किपर आणि एक मदतनीस. बसायची जागा उघडी. डोक्यावर छप्पर नाही, संडास बहुतेक लहान बोटींत नाहीच. बोयावरून, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या पिंपावरून, सुटेपर्यंत छोटं इंजिन चालतं, मग ते बंद होतं. त्यानंतरची शांतता हा या बोटीचा खरा माल. पाणी बोटीच्या अंगाला घासून जातं तो आवाज, दोरांची करकर, आणि शीड वाऱ्याने भरलं की सगळी बोट एका बाजूला कलते. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती उलटत नाही, कारण खाली जड कणा असतो, पण हे पोटाला पटायला दहा मिनिटं जातात. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना नागमोडी वळणं घ्यावी लागतात, दर वळणाला शीड डोक्यावरून पलीकडे जातं आणि सगळ्यांनी वाकून बाजू बदलायची असते. चांगला स्किपर मुलांच्या हातात थोडा वेळ सुकाणूही देतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे आयुष्यभर पुरतं. पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांना नाही.

मोटर यॉटवर छप्पर, गाद्या, खाली वातानुकूलित केबिन, संडास, गाण्यांची सोय आणि पुष्कळदा वरचा मजला. दहा-पंधरा माणसं आरामात मावतात. साडी नेसून बसता येतं, केक ठेवायला टेबल असतं. वारा असो-नसो, ठरल्या वेळी निघते आणि ठरल्या वेळी परत येते. बदल्यात डिझेलचा वास, इंजिनाची घरघर, आणि शेजारच्या यॉटवरचं डीजे, ज्याला तुमच्या यॉटवरचं डीजे उत्तर देतं. डिसेंबरच्या शनिवारी संध्याकाळी गेटवेसमोर दहा-बारा बोटी अशा गात असतात. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार धरा.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. बोट लागते ती शिडाच्या बोटीत जास्त, असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव उलटा आहे. भरल्या शिडाची बोट कललेली असली तरी एका चालीत जाते. मोटर यॉट मध्यावर थांबवून, इंजिन मंद ठेवून केक कापत बसलात की ती लाटांना आडवी होऊन डुलते, वर डिझेलचा धूर, आणि मग एकेक जण गप्प होत जातो. ज्यांना गाडी लागते त्यांना मागच्या बाजूला मध्यावर बसवा, केबिनमध्ये अजिबात नको. नजर क्षितिजावर, फोनमध्ये नाही. पोट रिकामं ठेवू नका आणि वडापावने भरूही नका. आलेपाकाची वडी खिशात असावी.

आता वाऱ्याबद्दल, कारण शिडाच्या बोटीचे पैसे तुम्ही वाऱ्याचे देता. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात. मुंबईत ते साधारण वायव्येकडून येतात, तीन ते पाचच्या सुमाराला जोरात असतात आणि सूर्य मावळला की पडतात. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका, हिवाळ्यात त्यावर धुरकं. म्हणून शिडाच्या बोटीसाठी वेळ साडेतीन ते साडेपाच. संध्याकाळी सातची वेळ घेतलीत तर शीड लोंबतं, स्किपर निमूटपणे इंजिन सुरू करतो आणि तुम्ही शिडाच्या बोटीचे पैसे देऊन लहानशा, छप्पर नसलेल्या मोटरबोटीत बसता. मी एकदा बसले आहे. उलट मोटर यॉटला दुपारच्या उन्हात घेण्यात अर्थ नाही. ती सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी घ्यावी आणि दिवे लागल्यावर परतावं. जानेवारीत मुंबईचा सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, मेमध्ये सातच्या. दोन्ही बोटींचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात तो विषय नाही.

भरती-ओहोटीचं गणित कोणत्याच जाहिरातीत नसतं, आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेच सगळ्यात महत्त्वाचं. गेटवेसमोर बोटी नांगरावर किंवा बोयाला बांधलेल्या असतात. धक्क्याच्या पायऱ्यांवरून लहान होडीत उतरायचं आणि होडीतून बोटीवर चढायचं. भरती असेल तर होडी वरच्या कोरड्या पायरीला लागते. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळ असतं, आणि होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे दीड मजला. माझ्या आईला एकदा अशा पायऱ्यांवरून दोघा खलाशांनी अक्षरशः उचलून उतरवलं. दोन तासांच्या फेरीत ती एकच गोष्ट बोलत होती, ती म्हणजे परत वर कसं चढायचं.

कोळ्यांचा जुना हिशोब इथे अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, नेमका आकडा भरतीच्या तक्त्यात मिळतो, पण तारीख ठरवायला कालनिर्णय पुरतं. आणि इथेच गंमत आहे. चांदण्यातली सफर म्हणून सगळे पौर्णिमा मागतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाच्या आसपास उधाणाची ओहोटी असते, म्हणजे पायऱ्या सगळ्यात उघड्या आणि सगळ्यात निसरड्या. चंद्र मात्र त्याच वेळी पूर्वेला, पाण्यावर उगवतो आणि पाठीमागे सूर्य जात असतो. तिशीतल्या चार मित्रांनी तोच दिवस घ्यावा, रबरी तळव्याच्या चपला घालून. सासू-सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी सप्तमी-अष्टमी बघावी. सहाच्या सुमाराला भरती, शिवाय भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे ओढही कमी.

पैशांचं बोलायचं तर शिडाची बोट पाच-सहा जणांत वाटली की माणशी खर्च बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढा येतो. मोटर यॉट त्याच्या कितीतरी पट. नऊ-दहा माणसं असतील तरच ते अंगाला लागत नाही. भावापेक्षा भाव कशाचा आहे ते विचारा. तास कधीपासून मोजणार, होडीत बसल्यापासून की बोयावरून सुटल्यापासून? डिझेल आणि जीएसटी धरून का? वारा किंवा बंदरातल्या बंदोबस्तामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? आम्हाला एकदा ‘सजावटीसह’ म्हणून मिळाले ते चार फुगे, आणि त्यातले दोन निघायच्या आधीच समुद्रात गेले.

सुरक्षेबद्दल लाजू नका. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटच्या बाबतीत कडकपणा आला. खासगी बोटीवर मात्र ‘फोटोपुरतं काढा’ म्हणणारे अजून भेटतात. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आणि त्यावरची माणसांची मर्यादा बघायला मागा. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारा. धक्क्यावर विचारून उपयोग नसतो. आणि गेटवेच्या उत्तरेला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. स्किपर सांगेलच, पण उत्साही मामा ऐकत नाहीत.

तिसरा पर्याय सांगितला की लोक हिरमुसतात, पण मुंबई समुद्रातून बघायची एवढीच हौस असेल तर यॉट लागतच नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या वरच्या मजल्यावर बसा. तोच ताज, तोच गेटवे, मागे लागलेले सीगल, तासाभराचा प्रवास. यॉटच्या पैशांत अख्खी चाळ जाऊन येईल. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. तिच्यात थेट गाडी चढते, संडास स्वच्छ असतो, आणि इतकी मोठी असल्याने हलणं जवळपास जाणवत नाही. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, रो-रो बहुतेक चालू असते. खासगीपणा नाही, एवढंच. शेजारच्या बाकावर कोणीतरी अलिबागच्या प्लॉटचा भाव मोठ्याने सांगत असतं.

नणंदेला मी शेवटी काय सांगितलं? नऊ माणसं एका शिडाच्या बोटीत मावत नाहीत आणि दोन बोटी घेतल्या तर समारंभ दुभंगतो. तेव्हा मोटर यॉट घे, अष्टमीची संध्याकाळ बघ, पावणेसहाला निघा, पाणी भरतीला असेल. मुलं आणि तरुण मंडळी ऐकणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी साडेतीनची शिडाची बोट वेगळी घे, तासभर पुरे. सासूबाईंना सांग की चपला होडीतच काढायच्या. आणि केक खाली केबिनमध्ये, नांगर टाकायच्या आधी कापा. वर वाऱ्यात पन्नास मेणबत्त्या कोणी पेटवू शकलेलं नाही.