सेल लाइन, आयलेट की अख्खा रॅट? नागपुरात बीटा पेशींवर काम सुरू करण्याआधी

एम.फार्म. किंवा पीएच.डी.साठी मधुमेहाचा विषय घेतला की गाइडचा पहिला प्रश्न असतो, "मॉडेल कोणतं?" उत्तर बहुतेकदा आधीच्या बॅचच्या थिसिसमधून उचललेलं असतं: विस्टार जातीचा रॅट, स्ट्रेप्टोझोटोसिन (इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारणारं रसायन), विजयसाराचा नाहीतर गुडमारचा अर्क, २१ दिवस. हे दरवेळी चूकच असतं असं नाही. पण नेमकं काय शोधायचंय ते ठरायच्या आधीच रॅटची ऑर्डर गेलेली असते, आणि पुढची दोन वर्षं त्या ऑर्डरला शोभेल असा प्रश्न शोधण्यात जातात.

नागपुरातल्या साध्या प्रयोगशाळेत शक्य असलेले पर्याय तीन. गोठवून ठेवता येणारी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी; रॅटच्या स्वादुपिंडातून ताजी काढलेली आयलेट, म्हणजे बीटा पेशी असलेले पेशींचे पुंजके; आणि जिवंत प्राणी. माणसाची जिवंत आयलेट नियमित मिळतील असं धरून विषय आखू नका. मात्र फ्लोरिडा विद्यापीठातल्या एनपॉडसारख्या उपक्रमांतून मृत दात्यांच्या स्वादुपिंडांवर झालेलं बरंच काम वाचायला मिळतं. आपला निकाल माणसाशी जुळतो का, हे ताडून बघायला ते उपयोगी पडतं.

आधी फरक समजून घ्या

पाउल लँगरहॅन्सनं १८६९ मध्ये आयलेट या पेशींच्या पुंजक्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. माणसात ती साधारण १० लाख असतात, तरी स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के. बाकीचा जवळजवळ सगळा भाग पाचक विकरं बनवणारा. आयलेट काढताना निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते, कारण तीच विकरं तुमचं आयलेट पचवायला टपलेली असतात.

रॅट आणि माउसच्या आयलेटमध्ये बीटा पेशी आत गाभ्यात आणि ग्लुकागॉन हे साखर वाढवणारं संप्रेरक बनवणाऱ्या अल्फा पेशी बाहेर सालीसारख्या असतात. माणसात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या, आणि अल्फांचं प्रमाणही जास्त. रॅटची बीटा पेशी ग्लुकोज मुख्यतः ग्लूट-२ या वाहकातून आत घेते, माणसाची ग्लूट-१वर जास्त विसंबून असते. स्ट्रेप्टोझोटोसिन ग्लूट-२मधूनच आत शिरतं, म्हणून रॅटच्या बीटा पेशी पटापट मरतात आणि माणसाच्या बऱ्याच टिकून राहतात. आणखी एक फरक: टाइप २ मधुमेहात माणसाच्या आयलेटमध्ये अमिलिन हे प्रथिन साचून गोळा होतं. रॅटच्या अमिलिनमध्ये मोक्याच्या जागी प्रोलिन असल्यामुळे तसे धागे (अमिलॉइड) बनतच नाहीत. 'अमिलॉइडमुळे बीटा पेशी मरतात का' हा प्रश्न साध्या विस्टार रॅटला विचारून काहीच हाती लागत नाही.

सेल लाइन: स्वस्त, पण कोणती?

आपल्याकडे सर्वात जास्त वापरली जाते ती आरआयएन-५एफ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून ती मिळते, भराभर वाढते, सहसा मरत नाही. मुळात ती रॅटच्या इन्सुलिनोमातून, म्हणजे बीटा पेशींच्या गाठीतून आलेली. अडचण अशी की ग्लुकोज वाढवल्यावर इन्सुलिन वाढवणं हे बीटा पेशीचं मुख्य काम, आणि तेच तिला धड जमत नाही. २.८ आणि १६.७ मिलीमोलर ग्लुकोजमध्ये तिच्या स्रावात फारसा फरक दिसत नाही. पेशी जगली का मेली एवढंच बघायचं असेल तर ती चालेल. 'इन्सुलिन स्राव सुधारला' असं लिहायचं असेल तर चालणार नाही.

त्यासाठी आयएनएस-१ ८३२/१३ ही रॅटचीच लाइन घ्या. महाग आहे आणि लाडावलेलीही. आरपीएमआय १६४० माध्यमात १० टक्के सीरम, १० मिलीमोलर हेपीस, २ मिलीमोलर ग्लुटामिन, १ मिलीमोलर सोडियम पायरुवेट आणि ५० मायक्रोमोलर २-मर्कॅप्टोइथेनॉल लागतं. शेवटचा घटक दर वेळी ताजा घाला. तो विसरला की पेशी आधी सुस्तावतात, मग सुटून तरंगायला लागतात. या लाइनमध्ये माणसाच्या प्रोइन्सुलिनचं जनुक घातलेलं आहे, त्यामुळे दोन कामं वाढतात. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवावं लागतं, आणि इन्सुलिन मोजायचं एलायझा किट निवडताना ते रॅटचं इन्सुलिन मोजतं, माणसाचं की दोन्ही, हे पत्रकात नीट वाचावं लागतं. माउसची एमआयएन-६ही चांगली आहे, पण पॅसेज (पेशी नव्या भांड्यांत विभागून पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की तिचा ग्लुकोजला प्रतिसाद हळूहळू मावळतो. दुसऱ्या लॅबमधून 'अशीच' आणलेली, पॅसेज क्रमांक माहीत नसलेली एमआयएन-६ फुकट मिळाली तरी नको.

कोणतीही लाइन असो, औषध लावायच्या आधी नुसत्या पेशींची परीक्षा घ्या. आदल्या संध्याकाळी ५ मिलीमोलर ग्लुकोजचं माध्यम द्या. सकाळी क्रेब्स-रिंगर बफरमध्ये, ०.१ टक्का बीएसएसह (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन), २.८ मिलीमोलरवर एक तास ठेवा. मग एक तास प्लेटमधल्या काही वेल्सना (खळग्यांना) २.८, काहींना १६.७, आणि काहींना २.८ बरोबर ३० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड. १६.७ला स्राव किमान तिप्पट व्हायला हवा. पोटॅशियमला प्रतिसाद आहे पण ग्लुकोजला नाही, म्हणजे इन्सुलिन बाहेर टाकायची यंत्रणा ठीक आहे, बिघाड ग्लुकोज ओळखण्यात आहे. दोन्हींना नाही, तर त्या पेशी टाकून द्या.

अर्कवाल्यांसाठी खास सूचना. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचं जांभळं करतात, आणि नेमकं तेच काम फ्लॅवोनॉइड, टॅनिन असलेला अर्क पेशींशिवायही करतो. म्हणजे पेशी मेलेल्या असतात आणि रीडर '९० टक्के जिवंत' दाखवतो. बिजाचा, म्हणजे विजयसाराचा अर्क तर स्वतःच गडद रंगाचा. प्रत्येक मात्रेसाठी 'अर्क आहे, पेशी नाहीत' अशी वेल ठेवा, अर्क धुऊन मगच एमटीटी घाला, आणि एक निकाल तरी मेलेल्या पेशीच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्ल्यूनं पडताळा.

ताजी आयलेट: उत्तर सर्वात भरवशाचं, हात सर्वात जास्त लागतो

१९६७ मध्ये लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी कोलॅजिनेज या ऊती सुट्या करणाऱ्या विकरानं रॅटची आयलेट काढून दाखवली. आजची पद्धत त्याच वळणाची. भूल दिलेल्या रॅटचं पोट उघडून पित्तनलिका जिथे लहान आतड्याला मिळते तिथे चिमटा लावायचा, यकृताच्या बाजूनं नलिकेत कॅन्युला घालायची आणि १ मिग्रॅ प्रति मिली ताकदीचं गार कोलॅजिनेज ८ ते १० मिली हळूहळू सोडायचं. स्वादुपिंड कापूस भिजल्यासारखं फुगायला हवं. आतडं फुगलं तर चिमटा सैल आहे. प्लीहेकडचा भाग चपटाच राहिला तर तिथेच थांबून कॅन्युला थोडी मागे घ्या, कारण आयलेटची दाटी त्याच टोकाला जास्त असते.

मग ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १० ते २० मिनिटं. ही श्रेणी मोठी दिसते, कारण कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. दोन-तीन लॉटचे नमुने मागवून चाचणी घ्या आणि जो जमेल त्याच लॉटचा वर्षभराचा साठा घ्या. दर मिनिटाला नळी हलवून बघा. जाड तुकडे मोडून वाळूसारखा गाळ दिसला की लगेच बर्फगार बफर आणि सीरम ओतून क्रिया थांबवायची. लवकर थांबलात तर आयलेटला पाचक पेशींची झालर चिकटून राहते. उशीर झाला तर कडा विरलेली, कुरतडल्यासारखी आयलेट मिळतात. ती रात्रभर टिकतात खरी, पण स्राव देत नाहीत.

नागपूरची गोची इथेच आहे. वॉटर बाथला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणीच हाताला चटका देतं. एसी बंद पडलेल्या खोलीत बाथ ४० अंशांवर जाऊन बसतो, आणि कोलॅजिनेज तुमच्या घड्याळापेक्षा पुढे धावतं. बाथच्या आकड्यावर विसंबू नका, पाण्यात थर्मामीटर बुडवा. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका आणि बर्फ दुप्पट आणा.

पुढे गाळणं, १.०७७ घनतेच्या हिस्टोपेक या द्रावणावर सेंट्रिफ्यूज (ब्रेक बंद, नाहीतर थर ढवळतो), मधल्या थरातली आयलेट घेऊन लगेच तीनदा धुणं, आणि स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचणं. शंका असेल तर थोड्या नमुन्याला डायथायझोन लावा. जस्तामुळे आयलेट लाल होतं, बाकीचं नाही. सराईत हाताला एका रॅटमधून ३०० ते ६०० मिळतात, नवख्याला १०० मिळाली तरी सुरुवात वाईट नाही. वेचताना १५० मायक्रोमीटरपेक्षा मोठी आयलेट बाजूला ठेवा. त्यांच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि दुसऱ्या दिवशी मधे काळा ठिपका दिसतो. चाचणी त्याच दिवशी नको. एक रात्र ११.१ मिलीमोलर ग्लुकोजच्या माध्यमात विश्रांती द्या, मग सारख्या आकाराची दहा-दहा वेचून घ्या.

अख्खा रॅट: समितीसाठी सोपा, अर्थ लावायला अवघड

स्ट्रेप्टोझोटोसिन म्हणजे बीटा पेशीच्या डीएनएवर घाव घालणारं विष. ५० ते ६० मिग्रॅ प्रति किलो दिलं की बहुतेक बीटा पेशी मरतात आणि रॅटची साखर वाढते. माणसाला मधुमेह होतो त्याचं कारण हे नव्हे. तरी थिसिसमध्ये याला सर्रास 'टाइप २ मॉडेल' म्हटलेलं असतं, आणि तुलनेला ग्लायबेनक्लामाइड. ते औषध जिवंत बीटा पेशीचं पोटॅशियम चॅनेल बंद करून चालतं. पेशीच उरल्या नसतील तर ते कशावर चालणार?

टाइप २च्या जवळ जायचं असेल तर मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संस्थेनं २००५ मध्ये मांडलेली पद्धत बरी: दोन आठवडे जास्त चरबीचा आहार, मग फक्त ३५ मिग्रॅ प्रति किलो. आधी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, मग थोडी बीटा पेशींची घट, असा क्रम तरी जुळतो. टाइप १च्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यासाठी आपोआप मधुमेह होणारा एनओडी माउस आहे, पण त्याला जंतुमुक्त, कडक बंदोबस्ताचं अ‍ॅनिमल हाउस लागतं. साध्या ठिकाणी संसर्ग होत राहिले की त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाणच घटतं.

हाताळणीत फसतं ते पीएच आणि वेळ. ताजं, गार, पीएच ४.५चं सिट्रेट बफर. पावडर प्रत्येक रॅटच्या वजनाप्रमाणे आधी मोजून फॉइलमध्ये, विरघळवल्यावर १० मिनिटांच्या आत इंजेक्शन. मरणाऱ्या पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात, म्हणून पहिली रात्र १० टक्के साखरेचं पाणी ठेवा, नाहीतर सकाळी पिंजऱ्यात मेलेले रॅट सापडतात. साखर ७२ तासांनी तपासा. उकाड्यानं हैराण झालेल्या रॅटची साखर तणावानंही चढते, त्यामुळे अ‍ॅनिमल हाउसचा एसी बंद पडलेल्या दिवसांची नोंद वहीत हवीच.

मग निवडायचं काय

'चरबी आणि जास्त साखर मिळून बीटा पेशीला कशा थकवतात' हा प्रश्न आमच्या मते सर्वात फळणारा, आणि त्याला आयएनएस-१ ८३२/१३ पुरते: ०.४ ते ०.५ मिलीमोलर पामिटेट (एक मेदाम्ल), चरबीमुक्त बीएसएला बांधलेलं, आणि कंट्रोलला तेवढंच बीएसए पामिटेटशिवाय. पामिटेट मोकळं राहिलं तर ते साबणासारखं पेशी फोडतं आणि तुम्हाला वाटतं तणावानं मेल्या. यातला मुख्य निकाल चार-सहा रॅटच्या आयलेटवर पुन्हा दाखवा. आरआयएन-५एफ आणि स्ट्रेप्टोझोटोसिनच्या जोडीवर 'मधुमेहाचं कारण' हे शब्द वापरू नका. सहा महिन्यांत डिझर्टेशन संपवायचं असेल तर आयलेटच्या मागे लागू नका, हात बसायलाच तेवढा काळ जातो. आयलेट आणि रॅट दोन्हींसाठी प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते, त्यासाठीचा फॉर्म बी आधी भरा. रिपॉझिटरीतल्या (पेशी-भांडारातल्या) सेल लाइनला ती लागत नाही.

पुण्याहून पेशी फ्लास्कमध्ये आणायच्या असतील तर माध्यम काठोकाठ भरून, एसी डब्यातून, बर्फाशिवाय आणा. इन्क्युबेटरही वॉटर बाथसारखाच फक्त तापवू शकतो. खोली ३७च्या निदान पाच अंश खाली नसेल तर आतलं तापमान हाताबाहेर जातं. एसी आणि इन्क्युबेटर दोन्हींना इन्व्हर्टरची जोड नसेल तर एप्रिल ते जून पेशी द्रव नायट्रोजनमध्येच बऱ्या.

नमुन्यांचा हिशेब करताना एका रॅटच्या बारा वेल म्हणजे बारा नमुने नव्हेत, तो एकच रॅट. ९६ वेलच्या एलायझा किटमध्ये मानक द्रावणांना जोडीनं १६ वेल जातात, उरलेल्या ८० मध्ये जोडीनं ४० नमुने बसतात. सहा रॅट, कंट्रोल आणि औषध, कमी आणि जास्त ग्लुकोज मिळून २४. पेशींतलं एकूण इन्सुलिन मोजायचे आणखी २४. एकूण ४८, म्हणून पहिल्याच मागणीपत्रावर एकाच लॉटची दोन किट लिहा.