जुन्या सिटीसाठी वागळे इस्टेटमध्ये बनवून घेतलेला मॅनिफोल्ड

काम एक नंबर, तारीख मात्र शून्य. गणपतीच्या आधी देतो म्हणाले आणि हातात पडला दसऱ्याला. हे चालणार असेल तरच पुढचं वाचा.

गाडी २००२ सालची होंडा सिटी, १५०० सीसी व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं तंत्र), एमएच ०४. आधीच्या मालकानं कूलंटच्या जागी नळाचं पाणी घालून घालून मूळ इन्टेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा संच) पाण्याच्या वाटेपाशी पार कुरतडून टाकलेला. दोन स्टडचे आटेही गेलेले. म्हणजे हौस नंतरची, गरज आधीची. कुर्ल्याला भंगारात जे मिळाले तेही तसलेच खाल्लेले. सिव्हिकच्या डी १६ इंजिनांसाठी स्कंक टू या परदेशी कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड मिळतो, पण तो माझ्या सिलिंडर हेडवर सरळ बसेल याची खात्री कोणी देईना, आणि कस्टम भरून आणलेला माल परत तरी कुठे करणार? ऑनलाइन चकचकीत, बिननावाचे पुष्कळ दिसतात. मी टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. फोटोतली चमक बघून पार्ट पास करायची सवय नाही.

मग वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीतला हा गाळा. बाहेर पाटी नाही. मुख्य काम औषध कंपन्यांसाठी स्टीलच्या टाक्या, पण आर्गन वेल्डिंगचा हात इतका साफ की रेसवाली पोरं इथेच येतात. भिंतीवर आखूड रनरचे (रनर म्हणजे एकेका सिलिंडरकडे जाणारी नळी) दोन मॅनिफोल्ड टांगलेले, दिसायला फक्कड. मी त्यातलाच एक हातात घेतला तर मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधी सांगा, गाडी कुठं चालवता?"

घोडबंदर रोड. कापूरबावडी ते कासारवडवली, रविवारी गायमुखचा घाट.

"मग तो ठेवा खाली."

बरोबर बोलले. इन्टेक व्हॉल्व्ह बंद झाला की रनरमधल्या हवेत दाबाची लाट उठते, ती प्लेनमपर्यंत (सगळे रनर जिथून फुटतात ती हवेची पेटी) जाऊन परत फिरते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो त्या क्षणी ती परत पोचली, तर हवा जास्त भरते. रनर लांब असेल तर लाटेला वेळ लागतो, म्हणजे फायदा खालच्या आरपीएमला मिळतो. आखूड असेल तर तोच फायदा वर सरकतो. माजिवड्याच्या सिग्नलला सहा हजार आरपीएम कोण लावतंय? तिथे दोन-अडीच हजारावर गाडी ओढली पाहिजे. म्हणून रनरची लांबी मूळचीच ठेवली. बदल केला तो दोन ठिकाणी: प्लेनमच्या आत रनरच्या तोंडांना बेलमाउथ (कर्ण्यासारखा गोलावा) दिला, आणि फ्लॅंजची (हेडला बसणाऱ्या प्लेटची) भोकं हेडच्या पॅकिंगला जुळवली. थ्रॉटल बॉडी (पॅडल दाबलं की हवेची वाट उघडणारी झडप) जुनीच. मोठी बसवली की नुसत्या पहिल्या पाव पॅडलला गाडी उसळते, आणि चालवणाऱ्याला वाटतं ताकद वाढली.

आता टूलरूमवाल्याचा आवडता भाग. ॲल्युमिनियमला वेल्डिंगची उष्णता लागली की फ्लॅंज वाकतो, वाकणारच. प्रश्न एवढाच की वेल्डिंगनंतर त्याचं फेसिंग करून तो सपाट करतात की सिलिकॉन थापून देतात. इथे बारा एमएमची प्लेट जाड ठेवून, सगळं वेल्डिंग संपल्यावर मिलिंगवर फेस केली. मी स्ट्रेट एज लावून ०.०५ एमएमचं फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितलं, कुठेच शिरलं नाही. इंजेक्टरच्या बैठकांचा कोन जुन्या मॅनिफोल्डवरून फिक्स्चर करून उचलला, त्यामुळे फवारा आधीसारखाच व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो. मॅप सेन्सर, आयडल व्हॉल्व्ह, पीसीव्ही, सगळ्यांच्या जागा धरल्या.

एक चूक गंभीर होती. ब्रेक बूस्टरचं (मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा भाग) निपल मूळपेक्षा बारीक घातलं होतं. पहिला ब्रेक ठीक लागे, लगेच दुसरा दाबला की पॅडल दगड. व्हॅक्यूम पुन्हा भरायला वेळ लागत होता. त्याच दिवशी गाडी परत नेली. त्यांनी वाद घातला नाही, मॅनिफोल्ड उतरवून मापाचं निपल लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. पण ट्रॅफिकमध्ये कळण्याआधी बाकावर कळायला हवं होतं. तुम्ही गेलात तर जुनं निपल कॅलिपरनं मोजून कागदावर लिहून द्या.

बिल बावीस हजार, पॅकिंग आणि नवे स्टड धरून. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी नेली नाही, त्यामुळे अमुक घोडे वाढले असलं काही मी सांगणार नाही. गायमुखला पूर्वी जिथे दुसऱ्यात यावं लागे तिथे तिसऱ्यात निघते. वरती व्हीटेक लागल्यावर इंजिन मोकळं वाटतं. आयडल स्थिर आहे. जोडांवर कार्ब क्लीनर मारून बघितला, आरपीएम हलला नाही, म्हणजे हवा कुठून चोरत नाही. उणं एवढंच की उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलं की मॅनिफोल्डला हात लाववत नाही इतका तापतो.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) वाचून घ्या. मी सीसी, इंजिन नंबर, इंधन काहीच बदललेलं नाही, पीयूसी निघाली, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवलं आहे.

मित्र त्याची स्विफ्ट घेऊन तिथेच गेला, त्यालाही असाच हवा होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि लगेच लावलं. "प्लॅस्टिकचा आहे ना? हलका आहे, कमी तापतो. राहू दे तोच." थ्रॉटल बॉडी साफ करून दिली, तीनशे रुपये घेतले.