स्मिता पाटील की हीथ लेजर?

अकाली गेलेल्या कलावंताच्या न घडलेल्या कारकिर्दीवर एका मैत्रिणीला लिहायचंय. नावं दोन, निर्णय होत नाही.

आधी पुरावा पाहू. हॉलिवूडचा अभिनेता लेजर २००८ मध्ये २८व्या वर्षी गेला, पण पुढची वाट आखून. म्युझिक व्हिडिओ दिग्दर्शित करून झाले होते आणि ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या बुद्धिबळावरच्या कादंबरीवर पहिला चित्रपट करायची तयारी चालली होती. तर्काला भक्कम आधार आहे. स्मिताचा असा आराखडा हाती नाही.

कल्पनेला वाव मात्र स्मिताकडे कितीतरी जास्त. १९८६ मध्ये, ३१व्या वर्षी बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत ती गेली. तोवर दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. समांतर आणि व्यावसायिक, दोन्हीकडे ती वावरत होती. नव्वदीत समांतर सिनेमा आटला, तेव्हा तिने काय केलं असतं? दूरदर्शन मालिका? रंगभूमी? २००४ च्या ‘श्वास’नंतर मराठी चित्रपट सावरला, तेव्हा ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर असती. त्या वयाच्या बाईसाठी कुणीतरी भूमिका लिहिलीच असती, असं मला मनापासून वाटतं.

मेहनत? लेजरच्या मुलाखती चटकन सापडतात; स्मितासाठी जुने अंक चाळावे लागतील.

दिग्दर्शकाची वाट रेखाटायची असेल तर लेजर घे. एका अभिनेत्रीबरोबर मराठी-हिंदी सिनेमाची तीन दशकं तपासायची असतील तर स्मिताच.