अ‍ॅडऑन्स लिंकर : कम्युनिटी फोल्डरमधल्या अडगळीवरचा एक मोफत इलाज

'अ‍ॅडऑन्स लिंकर' हे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावरच्या विमानोड्डाणाच्या खेळात बाहेरून घातलेली विमाने, विमानतळ अशी भर, म्हणजे अ‍ॅड-ऑन, सांभाळण्यासाठी तयार केलेले एक छोटे, मोफत सॉफ्टवेअर आहे आणि गेली काही वर्षे माझे बहुतेक प्रत्येक आभासी उड्डाण ते उघडूनच सुरू होते. 'अ‍ॅड-ऑनची साफसफाई करून देणारे सॉफ्टवेअर' अशी त्याची शिफारस ऐकायला मिळते, ती मला तितकीशी पटत नाही. साफसफाई आपल्यालाच करावी लागते; आपण लावून ठेवलेले सामान हवे तेव्हा पुढे आणण्याचे आणि नको तेव्हा मागे सारण्याचे कष्ट तेवढे ते वाचवते. एवढी अपेक्षा ठेवून ते घेतले, तर मात्र ते फार चोख काम करते.

ऑगस्ट 2020 मध्ये हे सिम्युलेटर आले तेव्हा त्यातला 'कम्युनिटी' फोल्डर ही मोठीच सोय वाटली होती. 2006 च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये बाहेरून आणलेली विमाने आणि विमानतळ मूळ फायलींमध्ये असे काही मिसळून जात की, काही बिघडले की शेवटी सगळेच नव्याने इन्स्टॉल करावे लागे. कम्युनिटी फोल्डरने ही सरमिसळ थांबवली. प्रत्येक अ‍ॅड-ऑनचे स्वतंत्र फोल्डर त्यात टाकायचे की ते चालू झाले, आणि काढून घेतले की बंद झाले. अडचण पुढे सुरू होते. विमानतळ, विमाने, विमानांच्या रंगसजावटी म्हणजे लिव्हऱ्या, हे सगळे त्या एकाच फोल्डरमध्ये शेजारीशेजारी पडून राहते, त्यात पोटविभाग करता येत नाहीत, आणि आपण पुण्याहून नागपूरला जाणार असलो तरी युरोपातले सगळे विमानतळ सिम्युलेटर सुरू होतानाच वाचले जातात. संग्रह शेकड्यांत गेला की सुरुवातीची प्रतीक्षा चांगलीच जाणवू लागते. शिवाय मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या आवृत्तीत हा फोल्डर विंडोजच्या लपवलेल्या फोल्डरांच्या पोटात इतका खोल असतो की, नवख्या माणसाला तो सापडणे हीच पहिली परीक्षा ठरते.

लिंकरची युक्ती साधी आहे. खरे अ‍ॅड-ऑन दुसऱ्या ठिकाणी, अगदी दुसऱ्या डिस्कवरही, आपल्या मर्जीप्रमाणे फोल्डरांत लावून ठेवायचे. लिंकर त्यांची यादी झाडासारखी दाखवतो, आणि एखाद्यापुढे खूण केली की कम्युनिटी फोल्डरमध्ये मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारा त्याचा केवळ दुवा तयार होतो. ही सोय विंडोजमध्ये मुळातच आहे. सिम्युलेटरला दुवा आणि खरा फोल्डर यांत फरक कळत नाही, दुवा जागा जवळजवळ व्यापत नाही आणि खूण काढली की फक्त दुवा पुसला जातो, मूळ फायलींना धक्का लागत नाही. पूर्वी मी कित्येक जीबींचे फोल्डर इकडून तिकडे हलवत बसायचो. ते काम आता क्षणात होते.

लिंकरची खरी किंमत मात्र आपण हे भांडार, म्हणजे दुसरीकडे ठेवलेला मूळ संग्रह, कसे लावतो यावर ठरते. मी विमानतळ, विमाने, लिव्हऱ्या आणि इतर असे चार मोठे विभाग केले, विमानतळांचे पुढे प्रदेशवार पोटविभाग केले आणि प्रत्येक फोल्डरच्या नावाआधी विमानतळाचा चार अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत लावला : पुण्यासाठी व्हीएपीओ, मुंबईसाठी व्हीएबीबी, दाबोळीसाठी व्हीओजीओ. हा उद्योग दोन रविवार पुरला. त्यात उमगले की एकाच विमानतळाच्या दोन वेगवेगळ्या सिनरी, म्हणजे विमानतळाच्या इमारती आणि परिसर दाखवणारे संच, माझ्याकडे एकाच वेळी चालू होत्या, आणि टर्मिनलच्या भिंतीतून दुसरी भिंत बाहेर का येते, उभी विमाने जमिनीपासून वीतभर वर का तरंगतात, याचा उलगडा तिथेच झाला. त्यासाठी मी ग्राफिक्स कार्डाला उगाच दोष देत होतो. आपल्याकडच्या हौशी वैमानिकाला बाहेरच्या सिनरींवाचून गत्यंतरही नाही. मोपा विमानतळावरून उड्डाणे जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली आणि नवी मुंबईहून डिसेंबर 2025 मध्ये, म्हणजे 2020 च्या मूळ सिम्युलेटरमध्ये हे दोन्ही असणे शक्यच नव्हते.

प्रीसेट ही या सॉफ्टवेअरमधली मला सर्वांत आवडलेली सोय आहे. कोणकोणत्या खुणा चालू आहेत याचा संच नाव देऊन जपून ठेवता येतो. माझा एक संच पश्चिम भारताचा आहे, एक आल्प्सचा, आणि एक जवळजवळ रिकामा. काही बिघडले की दोष सिम्युलेटरचा की अ‍ॅड-ऑनचा, हे तपासण्यासाठी मी तो रिकामा संच लावतो आणि मग निम्मे-निम्मे अ‍ॅड-ऑन चालू करत गुन्हेगारापर्यंत पोहोचतो. हातांनी हे करायचे म्हटले तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

काही गोष्टी लिंकरच्या हवाली करू नयेत, असे माझे मत झाले आहे. फ्लायबायवायर या गटाचे ए320 निओ हे मोफत विमान स्वतःच्या इन्स्टॉलरमधून येते आणि अद्ययावतही त्यातूनच होते. नॅव्हिग्राफ या कंपनीची दिशादर्शन माहिती दर 28 दिवसांच्या चक्राने बदलते आणि तिचाही स्वतंत्र इन्स्टॉलर आहे. असे फोल्डर मी कम्युनिटीतच राहू देतो, कारण जो इन्स्टॉलर जिथे फायली ठेवतो तिथेच तो पुढच्या वेळी त्या शोधणार. तसेच, विमानाच्या फोल्डरमध्ये आपण हाताने लिव्हरी घातली आणि ती दिसली नाही, तर दुव्याला बोल लावण्याआधी 'लेआउट.जेसन' ही फाइल पाहावी. त्या फोल्डरातल्या फायलींची यादी तिच्यात असते आणि यादीत नाव नसलेली फाइल सिम्युलेटर विचारातच घेत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या सिम्युलेटरचा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 चा, कम्युनिटी फोल्डर वेगळा आहे, पण 2020 साठीचे पुष्कळ अ‍ॅड-ऑन त्यातही चालतात. दोन्ही सिम्युलेटर ठेवणाऱ्याला एकाच भांडारातून दोन्हीकडे दुवे देता येतात आणि तीच सिनरी डिस्कवर दोनदा साठवावी लागत नाही. एसएसडीचे भाव पाहता हा फायदा लहान नव्हे.

माझी एक चूकही सांगतो. भांडार मी बाहेरच्या डिस्कवर ठेवले होते. एकदा ती दुसऱ्या पोर्टला जोडली, विंडोजने तिला ओळखीचे वेगळे अक्षर (डीऐवजी ई, असे) दिले आणि सगळे दुवे पोरके झाले. सिम्युलेटर उघडले ते पहिल्या दिवसासारखे उघडेबोडके. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून डिस्कला कायमचे अक्षर दिले आहे आणि भांडाराचा मार्गही मुद्दाम आखूड ठेवला आहे, कारण फायलीच्या पूर्ण मार्गासाठीची विंडोजची 260 अक्षरांची जुनी मर्यादा लांबलचक फोल्डरनावांमुळे सहज ओलांडली जाते.

ज्यांच्याकडे दहा-बारा अ‍ॅड-ऑन आहेत त्यांनी या खटाटोपात पडू नये. त्यांना कम्युनिटी फोल्डर पुरेसा आहे. संग्रह पन्नासच्या पुढे गेला असेल, तर आधी भांडार लावायला एक मोकळा रविवार राखून ठेवावा, जमल्यास दोन, आणि लिंकर त्यानंतरच उतरवून घ्यावा.