क्रॉसओव्हर रिमिक्स की अंडरग्राउंड ट्रॅक: सेटसाठी काय घ्यायचं?

गाजलेल्या पॉप गाण्याचा हार्ड टेक्नो रिमिक्स, म्हणजे कडक, वेगवान ठेक्यावर नव्याने बांधलेलं रूप, सुरू झाला की एकाच खोलीत दोन गोष्टी घडतात. पुढे मोबाइल बाहेर निघतात, हात वर जातात, सगळे गाऊ लागतात. मागे स्पीकरपाशी डोळे मिटून नाचणारे थांबतात आणि पाणी प्यायला निघून जातात. नंतर बाहेर उभं राहून वाद. एक म्हणतो, "सगळं कमर्शियल झालं." दुसरा म्हणतो, "पब्लिक नाचलं ना? अजून काय पाहिजे?"

बरीच वर्षं डीजे म्हणून मी दोन्ही प्रकार, असे गाजलेले रिमिक्स आणि फक्त क्लबांत ओळखले जाणारे अंडरग्राउंड ट्रॅक, वाजवत आलोय आणि या वादात दोन्ही बाजूंनी भांडलोय. नुकताच सेट, म्हणजे एका बैठकीत सलग वाजवायच्या ट्रॅकची मांडणी, बांधायला लागलेला, मोजक्या पैशांत ट्रॅक घेणारा आणि वजन कुठे टाकावं या विचारात पडलेला जो कुणी असेल, त्याच्यासाठी ही तुलना. माझं मत आधीच सांगून टाकतो. 'क्रॉसओव्हर' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळे प्रवास कोंबतो. एकात गाणं डान्स फ्लोअरवर येतं, दुसऱ्यात फ्लोअरवरचा ट्रॅक रेडिओकडे जातो. पहिला प्रकार मी मोकळ्या मनाने घेतो. दुसरा फार पारखून.

गाणं फ्लोअरवर येतं तेव्हा

'मिसिंग' हे एव्हरीथिंग बट द गर्ल या इंग्लिश जोडीचं १९९४ चं गाणं. मुळात संथ, हळवं. न्यू यॉर्कच्या टॉड टेरीने ट्रेसी थॉर्नचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आणि खाली हाउस या क्लब संगीताचे सरळ ठेक्याचे ड्रम घातले. तो रिमिक्स ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. इतकं यश मिळूनही गाण्यातलं दुःख कुठे पातळ झालेलं नाही. उलट तो सरळ, न थांबणारा ठेका त्या आठवणीला आणखी एकटं करतो. या जोडीने १९९६ च्या पुढच्या अल्बममध्ये स्वतःच ड्रम अँड बेस या वेगवान, तुटक ठेक्याच्या क्लब संगीताकडे वळण घेतलं, म्हणजे फ्लोअरने गाणाऱ्यांनाही काहीतरी दिलं.

'शो मी लव्ह' तर मूळ रूपात फारसं कुणाच्या कानावरच गेलं नव्हतं. रॉबिन एसने ते १९९० मध्ये गायलं. स्वीडनच्या स्टोनब्रिजने फक्त तिचा आवाज ठेवून खालचं सगळं नव्याने उभारलं आणि १९९३ मध्ये ते अमेरिकेत पाचव्या, ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर पोचलं. त्यातला बेस कॉर्ग एम-वन या १९८८ च्या कीबोर्डवरच्या तयार ऑर्गन आवाजातून आलाय. हेडफोन लावून फक्त त्याच्यावर लक्ष द्या. प्रत्येक सूर आखूड आहे, तोंडाशी लाकडावर टिचकी मारल्यासारखा ठोका आहे, आणि तो किकच्या, म्हणजे ठेका धरणाऱ्या जाड ड्रमच्या, अंगावर न पडता दोन किकच्या मधल्या जागेत बसतो. आज स्वतःला अंडरग्राउंड म्हणवणारे कितीतरी निर्माते तोच आवाज वापरतात. हिट गाण्यातून अंडरग्राउंडची भाषा घडली, असं हे उदाहरण आहे, आणि "हिट म्हणजे बिघडलेलं" म्हणणाऱ्यांसमोर मी दर वेळी हेच ठेवतो.

माझा सर्वांत लाडका मात्र 'पुश द फीलिंग ऑन'. नाइटक्रॉलर्स या स्कॉटिश गटाचं १९९२ चं गाणं, आणि त्यावर डेट्रॉइटच्या मार्क किंचेनने, म्हणजे एमकेने, केलेला डब, म्हणजे गाणं मागे सारून ठेका आणि आवाजाचे तुकडे पुढे आणणारं रूप. एमकेने गायकाचा आवाज कात्रीने कापावा तसा कापलाय. एका शब्दाचं शेपूट, दुसऱ्याचं तोंड, मधला एखादा श्वास. हे तुकडे त्याने ड्रमच्या फटींत असे बसवलेत की शब्द कळत नाहीत, पण चाल डोक्यातून जात नाही. तबलजी तोंडाने बोल म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कुणी विचारत नाही, तसंच. आवाजाचं तालवाद्य झालंय. १९९५ मध्ये हे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर होतं, आणि तरीही ट्रॅक म्हणून ते कुठल्याही कडव्या हाउस सेटमध्ये शोभतं.

'ब्रिमफुल ऑफ आशा' आपल्या जवळचं, कारण कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडने त्यात आशा भोसले यांना दाद दिलीय. १९९७ मध्ये आलं तेव्हा ब्रिटनमध्ये साठाव्या क्रमांकावर अडकलं, आणि ब्रिटिश डीजे नॉर्मन कुकने वेग वाढवून, ड्रम फुगवून केलेला रिमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये पहिला आला. इथे माझं मन मूळ गाण्याकडे आहे. त्यातला निवांतपणा रिमिक्समध्ये उरत नाही. रात्रीच्या अगदी शेवटी, दिवे लागायच्या आधी वाजवायला रिमिक्स उत्तम, एरवी नाही.

ट्रॅक रेडिओकडे जातो तेव्हा

इथे खरा राग साठलेला असतो आणि तो समजून घ्यायला हवा. हाउस जन्मलं ते शिकागोच्या वेअरहाउससारख्या क्लबांत, कृष्णवर्णीय आणि समलिंगी नाचणाऱ्यांमध्ये. फ्रँकी नकल्स हा डीजे तिथे १९७७ पासून वाजवत होता. १२ जुलै १९७९ ला त्याच शहराच्या बेसबॉल मैदानात डिस्कोविरोधी कार्यक्रमात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवला गेला, आणि या माणसांनी ते संगीत आपल्या खोल्यांत जिवंत ठेवलं. ज्यांना बाहेर धिक्कार मिळाला त्यांचाच आवाज पुढे बाहेरच्यांनी विकला, तर चीड येणारच.

तरी आतून बाहेर गेलेलं सगळं वाईट नसतं. डेट्रॉइट टेक्नोच्या पहिल्या तिघांपैकी केव्हिन सॉन्डर्सनने गायिका पॅरिस ग्रेसोबत इनर सिटी हा गट केला आणि १९८८ चं 'बिग फन' ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत नेलं. आवाज त्याचा, नाव त्याचं, निर्णयही त्याचा. यात कुणाचं काही हिरावलं गेलं नाही.

याच्या समोर 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' ठेवा. १९९९ मध्ये डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या लेबलने काढलेली डीजे रोलांडोची ही रेकॉर्ड फ्लोअरवर प्रचंड गाजली. सोनीच्या जर्मन शाखेने परवानगीशिवाय तिची हुबेहूब नक्कल करून घेतली. लेबल आणि जगभरचे चाहते तुटून पडले, आणि सोनीला माघार घ्यावी लागली. मूळ रेकॉर्ड आजही वाजते. क्रॉसओव्हरच्या नावाने शिमगा करायचाच असेल तर तो अशा ठिकाणी करावा.

या दोन टोकांच्या मधलं उदाहरण म्हणजे 'टॉम्स डायनर'. सुझान व्हेगाने ते निव्वळ आवाजात गायलं होतं. डीएनए या इंग्लिश जोडीने न विचारता त्याखाली ठेका घालून बूटलेग, म्हणजे विनापरवाना रेकॉर्ड, काढलं. कंपनीने कोर्टात खेचण्याऐवजी ते १९९० मध्ये अधिकृतपणे बाजारात आणलं, व्हेगालाही ते आवडलं, आणि ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आज बूटलेग करणारे याचा दाखला फार देतात. मी त्यांना सांगतो, तुमची फाइल बहुतेक काढून टाकली जाईल, हे धरूनच चाला. अधिकृत रिमिक्स मिळाला तरी रिमिक्स करणाऱ्याला सहसा एकरकमी मानधन मिळतं, गीत-संगीताच्या हक्काचा वाटा मूळ रचनाकारांकडेच राहतो. शिकण्यासाठी बूटलेग करा, त्यावर पोट भरेल असं समजू नका.

ट्रेंडचं काय होतं

डबस्टेपचा, म्हणजे लंडनमधून आलेल्या खोल बेसच्या क्लब संगीताचा, इतिहास पाहिला की चित्र लख्ख दिसतं. २००९ मध्ये लंडनचा डबस्टेप निर्माता स्क्रीम याने ला रू या ब्रिटिश पॉप जोडीच्या 'इन फॉर द किल'चा रिमिक्स केला. गाण्यातलं जवळजवळ सगळं काढून त्याने आवाज आणि खोल बेस एवढंच ठेवलं, आणि ऐकणाऱ्याला बराच वेळ ताटकळत ठेवून अगदी शेवटाकडे तुटक, वेगवान ड्रम सोडले. अनेकांना डबस्टेपचं दार त्यानेच उघडून दिलं. मग लाट आली. ड्रॉप, म्हणजे ताण वाढवून ठेका आणि बेस एकदम सुटतात त्या जागा, लवकर येऊ लागले, बेस घशातून ओरडू लागला, आणि २०१२ च्या ग्रॅमीत अमेरिकन निर्माता स्क्रिलेक्स याने डान्स रेकॉर्डिंग आणि रिमिक्स या दोन्हींची बक्षिसं नेली. स्क्रिलेक्सचं कसब मी नाकारत नाही. पण लंडनच्या छोट्या, अंधाऱ्या खोल्यांत ज्या मोकळ्या जागेसाठी लोक जमायचे ती जागा या लाटेत भरून गेली, आणि खुद्द स्क्रीमही पुढे हाउस-डिस्कोकडे वळला.

यातून खरेदीपुरतं मी एक ठरवलंय. ट्रेंडमधला रिमिक्स घ्यायचा तर ज्याच्यात थांबायची हिंमत आहे तो घ्यायचा. सध्या जुनी पॉप गाणी १४५-१५० बीपीएमवर (मिनिटाला इतके ठोके) पळवून खाली कडक किक घालायची फॅशन आहे. त्यातल्या बऱ्याच फाइल्समध्ये गाण्याची ओळख सोडली तर काहीच केलेलं नसतं. टेक-हाउसमध्ये, म्हणजे हाउस आणि टेक्नोच्या मिश्रणात, एकच ओळ अठरा वेळा येते आणि मग ड्रॉप. असे ट्रॅक चार आठवडे चालतात, मग वाजवायची लाज वाटते.

हाताखाली कसं लागतं

चाहत्यांच्या वादात ही बाजू कुणी बोलत नाही आणि डीजेसाठी तीच महत्त्वाची. फ्लोअरसाठी बनवलेल्या ट्रॅकच्या सुरुवातीला नुसते ड्रम असतात. १२६ बीपीएमवर ३२ बार (चार ठोक्यांचा एक बार) म्हणजे साधारण एक मिनिट. तेवढ्यात आधीचा ट्रॅक सोडवता येतो, बेस अदलाबदल करता येतो, एखादी चूक सावरता येते. रेडिओसाठी कापलेल्या पावणेतीन मिनिटांच्या रिमिक्समध्ये दहाव्या सेकंदाला आवाज सुरू. तुमच्या आधीच्या ट्रॅकमध्येही कुणी गात असेल तर दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि तो गोंधळ सगळ्या खोलीला ऐकू येतो.

म्हणून एकच रिमिक्स तीन रूपांत मिळत असेल तर रेडिओ एडिट सोडा, लांबवलेलं एक्सटेंडेड घ्या, आणि डब असेल तर आधी डब ऐका. लांबी ही चैन नव्हे, रिमिक्सचा जन्मच लांबीसाठी झालाय. १९७६ मध्ये सॅलसोल या अमेरिकन लेबलने 'टेन पर्सेंट'ची बारा इंची रेकॉर्ड दुकानांत विकायला आणली, तशी ती पहिलीच. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते गाणं ताणून नऊ मिनिटांच्या पुढे नेलं होतं, कारण नाचणाऱ्यांना ते संपायला नको होतं. त्यामुळे "रिमिक्स म्हणजे विकलं जाणं" हे मला पटत नाही. रिमिक्स हे अंडरग्राउंडचंच अपत्य आहे. ग्रॅमीने १९९८ मध्ये रिमिक्सकारांसाठी पहिल्यांदा पुरस्कार दिला तोही फ्रँकी नकल्सलाच.

वेळेचा हिशेबही ठेवा. सुरुवातीच्या काळात एका वॉर्म-अपमध्ये, म्हणजे रात्रीच्या पहिल्या सेटमध्ये, दार उघडून अर्धा तास झाला नाही तोच मी मोठा व्होकल रिमिक्स लावला. बाहेर उभे असलेले धावत आत आले, गायले, उड्या मारल्या. गाणं संपलं, मी पुढचा शांत, निव्वळ वाद्यांचा ट्रॅक आणला, आणि दोन मिनिटांत फ्लोअरची फरशी दिसू लागली. माझ्यानंतर वाजवणाऱ्याला तासभर ती खोली पुन्हा तापवावी लागली. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि ते मला आजही सलतं.

त्यानंतर वॉर्म-अपमध्ये ओळखीचा आवाज मी एकही ठेवत नाही. तिथे सगळं वजन अंडरग्राउंड ट्रॅककडे. मधल्या तासात एखादा डब, ज्यात आवाज आहे पण गाता येत नाही. शेवटच्या तासात दोन मोठे रिमिक्स, फार तर तीन, आणि त्यांच्यामध्ये किमान वीस मिनिटं अंतर. पैसे मोजके असतील तर दहातले आठ ट्रॅक असे घ्या जे कुणाच्या ओळखीचे नाहीत पण तुम्हाला पाठ आहेत. उरलेल्या दोन जागा रिमिक्सना. मोठ्या, मिश्र गर्दीत रोज वाजवणाऱ्याने हे प्रमाण सहा-चार करावं, मी त्याला नावं ठेवणार नाही.

विकत घेण्याआधी घरी एक करून पाहा. मूळ 'मिसिंग', टॉड टेरीचा रिमिक्स आणि 'पुश द फीलिंग ऑन'चा एमकेचा डब पाठोपाठ लावा, आवाज कमी ठेवून. मग जो नवा रिमिक्स घ्यायचा विचार आहे तो चौथा लावा, आणि त्यातलं ओळखीचं गाणं येण्याआधीच्या पहिल्या मिनिटात तुमचा पाय हलतो का ते बघा.