‘टर्मेरिक’चे मूळ आणि एक मोफत व्युत्पत्तिकोश

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे मराठीत होत असले, तरी परदेशी जाणाऱ्या मालाच्या कागदांवर आणि पाकिटांवर ‘टर्मेरिक’ हाच शब्द छापलेला असतो. ‘हळद’ किंवा संस्कृत ‘हरिद्रा’ यांच्याशी दूरचेही नाते न दाखवणारा हा शब्द इंग्रजीत कोठून आला, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी डग्लस हार्पर यांनी उभारलेली ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ अवश्य उघडून पाहावी.

तिच्यातील ‘टर्मेरिक’ची नोंद आपल्याला पंधराव्या शतकातील इंग्रजी रूपापर्यंत नेते आणि त्यामागे मध्ययुगीन लॅटिनमधील ‘टेरा मेरिटा’, म्हणजे गुणवान माती, हा शब्द असावा असे सुचवते. मात्र हळदीला माती का म्हटले असेल, याचा उलगडा होत नाही, हेही ती तेथेच मान्य करते. अरबी ‘कुरकुम’चा अपभ्रंश होऊन हा शब्द घडला असावा, हा दुसरा तर्कही तिने नोंदवला आहे. हळदीच्या ‘कर्क्युमा लाँगा’ या शास्त्रीय नावात तोच ‘कुरकुम’ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा तर्क सहज बाजूला सारवत नाही. जेथे पुरावा अपुरा आहे तेथे ‘कदाचित’ म्हणण्याचा हा संयम मला या कोशाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या व्युत्पत्त्यांना तो कधी शिवलेला नसतो!

मराठी वाचकाला सुखावणारी नोंद ‘मंगूस’ची आहे, कारण हा शब्द मराठी ‘मुंगूस’सारख्या एखाद्या भारतीय शब्दावरून, कदाचित पोर्तुगीजांमार्फत, इंग्रजीत गेल्याचे तेथे सांगितले आहे. मात्र मराठी शब्द रोमन लिपीत दिलेले असल्याने मूळ उच्चार ज्याचा त्याने ताडावा लागतो, आणि सारे विवेचन इंग्रजीत असल्याने शाळकरी मुलांना शेजारी कोणी मोठे माणूस लागेल.

शब्द आज कसा वापरतात हे सांगणे या कोशाचे मुख्य काम नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक पहिला ‘र’ गाळून ‘टूमेरिक’ म्हणतात. असे बारकावे हवे असतील, तर मेरियम-वेबस्टरसारखा नेहमीचा शब्दकोश सोबत ठेवावा.