दिसणारे मणी: एका विद्यापीठीय बायोमटेरियल्स गटाच्या सेवेचा दीड वर्षाचा अनुभव

यकृतातील गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अतिशय बारीक मणी सोडून ती वाट बुजवायची, ही उपचारपद्धती आता चांगली रुळली आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून एक नाजूक नळी, म्हणजे कॅथेटर, यकृतापर्यंत नेतात आणि त्यातून शंभर ते पाचशे मायक्रोमीटर व्यासाचे मणी रक्ताबरोबर सोडतात. प्रवाह नेईल तिथे ते जाऊन अडकतात. अडचण एवढीच, की नेहमीचे मणी क्ष-किरणांत दिसत नाहीत. दिसते ते त्यांच्यासोबत मिसळलेले आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रतिमेत उठून दिसणारा द्राव, आणि ते वाहून गेले की मणी कुठे बसले याचा केवळ तर्क उरतो. आमची प्रयोगशाळा यकृताच्या रक्तवाहिन्यांच्या पारदर्शक प्रतिकृती करून त्यांतल्या प्रवाहाचा अभ्यास करते, त्यामुळे आमचे काम तर्कावर भागणारे नव्हते. वैद्यकीय प्रतिमा आणि उपचार या दोन्हींसाठी एकाच वेळी उपयोगी पडणारे पदार्थ घडवणाऱ्या एका विद्यापीठीय संशोधन गटाकडे आम्ही गेलो ते यासाठी. हा गट स्वतःच्या संशोधनाबरोबरच बाहेरच्या प्रयोगशाळांना मागणीनुसार मणी करून देतो, त्यांची मोजमापे देतो आणि मिळालेल्या प्रतिमा वाचायलाही मदत करतो. दीड वर्षात आम्ही त्यांच्याकडून तीन बॅच घेतल्या.

मणी अल्जिनेटचे असतात. अल्जिनेट म्हणजे तपकिरी समुद्रशैवालातून मिळणारी शर्करांची लांब साखळी. तिचे द्रावण कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडले, की कॅल्शियमचे आयन शेजारशेजारच्या साखळ्यांना बांधून ठेवतात आणि प्रत्येक थेंबाचा जागच्या जागी जेल होतो. या द्रावणात आधीच बेरियम सल्फेटचे कण मिसळले तर मणी सीटीमध्ये उजळ दिसतात, आयर्न ऑक्साइडचे कण मिसळले तर एमआरआयमध्ये काळे दिसतात, आणि दोन्ही मिसळले तर दोन्हीकडे दिसतात. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला ही सारी प्रक्रिया समोर उभे करून दाखवली. सुईच्या टोकाशी थेंब फुगत होता तो सावकाश, एकेक. मग सुई आणि खालचे भांडे यांमध्ये विद्युतदाब लावला आणि थेंबांची जणू धूळ होऊन खाली पडू लागली. दाब वाढवला की मणी लहान होतात. पण फार वाढवला तर आकार बिघडतो आणि काही मण्यांना शेपटी येते. हे शेपटीवाले मणी वेगळे काढण्यात त्यांचा एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसला होता.

या शेपट्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण या गटाची सर्वांत मोलाची गोष्ट मला तिथेच सापडली. प्रत्येक बॅचसोबत येणाऱ्या अहवालात चांगल्या मण्यांच्या छायाचित्रांइतकीच बिघडलेल्या मण्यांची छायाचित्रे असतात आणि किती टाकून द्यावे लागले याचा आकडाही असतो. व्यासाची नुसती सरासरी देऊन ते थांबत नाहीत; मोजलेल्या प्रत्येक मण्याचा व्यास तक्त्यात मिळतो. धमनीच्या कोणत्या फाट्यापर्यंत मणी पोहोचेल हे त्याच्या व्यासावर ठरत असल्याने आमच्यासारख्यांना सरासरीचा उपयोग थोडा आणि पसाऱ्याचा, म्हणजे व्यास किती कमी-जास्त आहेत याचा, फार. दुसऱ्या बॅचमध्ये पसारा मागणीपेक्षा जास्त होता. तो त्यांनी लपवला नाही. अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात तो लिहिला होता आणि बॅच परत घेण्याची तयारीही दाखवली होती. आम्ही ती चाळून वापरली.

सीटीतील कामगिरीबद्दल समाधान आहे, पण ते एका अटीसह. गटाच्या परिचयपत्रकात एकेक मणी मोत्यासारखा सुटा दिसणारे एक सुंदर चित्र आहे, आणि ते मायक्रो-सीटीचे, म्हणजे लहान नमुन्यांसाठीच्या अतिसूक्ष्म सीटी यंत्राचे, आहे. मायक्रो-सीटीत प्रतिमेचा एक घटक काही मायक्रोमीटरचा असू शकतो. रुग्णालयातल्या सीटी यंत्रात तो साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे मण्याहून मोठा असतो. त्यामुळे रुग्णालयातल्या यंत्रावर सुटा मणी दिसेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तिथे दिसते ती मण्यांची रांग किंवा गर्दी, फांदीच्या आकाराची उजळ रेघ. आमच्या कामाला ती पुरली. किंबहुना कोणती फांदी भरली आणि कोणती रिकामी राहिली हे आम्हाला पहिल्यांदाच निःशंकपणे सांगता आले. परंतु त्या चित्राखाली यंत्राचे नाव ठळक अक्षरांत असायला हवे होते. इतक्या प्रामाणिक अहवालांच्या शेजारी ते चित्र खटकते.

बेरियम सल्फेटची घनता पाण्याच्या साधारण साडेचार पट असते, आणि तिचा जाच सिरिंज हातात घेतल्यावर कळतो. कुपी टेबलावर ठेवून नोंदवहीत दोन ओळी लिहाव्यात, तोवर मणी तळाशी पांढरी पूड होऊन बसलेले असतात. जोरात हलवले तर बुडबुडे होतात, म्हणून कुपी दोन तळव्यांमध्ये आडवी धरून हळूहळू लाटावी लागते. सिरिंजमध्येही तेच: ती आडवी धरली की मणी खालच्या बाजूला सरकतात, आधी पातळ द्राव जातो आणि शेवटी कॅथेटरच्या तोंडाशी घट्ट गोळा येऊन अडतो. पहिल्या बॅचच्या वेळी आमचे दोन कॅथेटर असेच तुंबले. गटाने सुचवलेला उपाय साधा होता. मणी मिठाच्या पाण्याऐवजी कॉन्ट्रास्ट मिसळलेल्या जड द्रावात तरंगते ठेवायचे, म्हणजे दोघांच्या घनतेतला फरक कमी होतो. उपाय चालला. मात्र त्यामुळे मणी सोडताना पुन्हा कॉन्ट्रास्टच डोळ्यांत भरते आणि मणी पाहण्यासाठी ते धुऊन जाईपर्यंत थांबावे लागते. अधिक बेरियम घातले तर मणी अधिक उजळ होतो आणि अधिक लवकर बुडतो. या ओढाताणीतून कोणाचीच सुटका नाही. आमच्या अनुभवात त्यांच्याकडच्या बेरियमच्या तीन प्रमाणांपैकी मधले प्रमाण सर्वांत सोयीचे ठरले.

एमआरआयच्या बाबतीत मात्र या गटाची मदत नसती तर आम्ही चुकीचा निष्कर्ष छापून मोकळे झालो असतो. आयर्न ऑक्साइड स्वतःभोवतीचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि त्यामुळे मण्याच्या खऱ्या आकाराहून कितीतरी मोठा काळा डाग उमटतो. फायदा असा, की प्रतिमेच्या एका घटकाहून लहान असलेला एकटा मणीसुद्धा दिसू शकतो. तोटा असा, की दहा मणी शेजारी बसले तर एकच मोठा डाग होतो आणि मोजणी संपते. आमच्या प्रतिकृतीत एका बारीक फाट्याच्या टोकाशी असा एक ठसठशीत डाग आला. इतक्या आत मणी पोहोचला याचा आम्हाला आनंद झाला होता. गटाच्या प्रमुख संशोधक मॅडमनी प्रतिमा पाहिली आणि एवढेच विचारले, की प्रतिकृती यंत्रात कोणत्या बाजूने ठेवली होती, आणि तो फाटा वरच्या अंगाला तर नव्हता ना. तो वरच्या अंगालाच होता. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही प्रतिकृती उलटी करून पुन्हा प्रतिमा घेतली, तर डाग तिथून नाहीसा होऊन दुसऱ्या बाजूच्या फाट्यात, पुन्हा वरच्याच अंगाला, जाऊन बसला होता. तो मणी नव्हता, हवेचा बुडबुडा होता. एमआरआयमध्ये हवाही काळी आणि लोखंडही काळे. सीटीत मात्र हवा काळी आणि बेरियम पांढरे. एकाच मण्यात दोन्ही खुणा ठेवण्याचे खरे कारण मला त्या दिवशी पटले, आणि तेव्हापासून आम्ही दोन्ही खुणांचेच मणी मागवतो.

आम्ही त्यांच्याकडे गॅडोलिनियमचे मणीही मागितले होते, आणि त्यांनी नकार दिला. गॅडोलिनियमच्या आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे एमआरआयमध्ये ते आजूबाजूच्या पाण्याला उजळ करते. काळ्या डागाऐवजी उजळ मणी मिळाले तर आमची बुडबुड्यांची कटकट मिटली असती. शिवाय या आयनाचा आकार कॅल्शियमच्या जवळपास असल्याने अल्जिनेट त्याला सहज धरून ठेवते, म्हणजे करायलाही हे मणी सोपे. पण सहज धरलेले सहज सुटतेही, आणि सुटे गॅडोलिनियम विषारी असते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व ऊती घट्ट होण्याच्या आजाराशी गॅडोलिनियमच्या काही कॉन्ट्रास्टचा संबंध २००६ मध्ये पुढे आला, मेंदूत त्याचे अंश राहतात असे २०१४ पासून दिसू लागले, आणि २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने शिरेतून देण्याच्या काही रेषीय संयुगांचा (ज्यांत गॅडोलिनियम सैलसर धरलेले असते) वापर थांबवला. आमच्या काचेच्या आणि सिलिकोनच्या प्रतिकृतीला यातले काहीच बाधणार नव्हते, असे मी म्हणून पाहिले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते, की जो पदार्थ शरीरात कधीच जाणार नाही त्यावर आधारलेले प्रवाहाचे आकडे पुढे कोणाच्या उपयोगाचे? त्या वेळी मी नाराज झालो. आज मला तो नकार त्यांच्या सेवेचाच भाग वाटतो.

औषध भरलेल्या मण्यांबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध धनभारित असते आणि अल्जिनेटवरील ऋणभारित गट त्याला ओढून घेतात. कुपीत लाल द्रावण हळूहळू फिके होत जाते आणि तळाचे मणी लाल होतात, हे पाहायला विलक्षण आहे. किती औषध भरले याची मोजणी नेटकी होती. पण ते किती वेगाने सुटते याचा जो आलेख आम्हाला मिळाला, तो सतत ढवळल्या जाणाऱ्या भरपूर मिठाच्या पाण्यातला होता. औषध सुटते ते भोवतालच्या आयनांशी अदलाबदल होऊन. म्हणून भोवती किती द्राव आहे आणि तो हलतो की थांबलेला आहे यावर सारा वेग अवलंबून असतो. मणी अडकले की धमनीतला प्रवाहच थांबतो, आणि तिथे ढवळणारे कोणी नसते. आमच्या थांबलेल्या प्रवाहाच्या प्रतिकृतीत औषध आलेखापेक्षा कितीतरी सावकाश बाहेर आले. हे त्यांना कळवल्यावर त्यांनी आमची मोजमापे मागवून घेतली, परंतु नवा आलेख अजून आलेला नाही. ज्यांना हे मणी उपचाराच्या मात्रेसंबंधी काही ठरवण्यासाठी हवे असतील, त्यांनी सुटण्याचा वेग स्वतःच्या परिस्थितीत मोजून घ्यावा.

एक नुकसान आमच्या वाट्याला आले, आणि त्यात दोष दोघांचाही होता. आमच्या एका विद्यार्थिनीने पहिल्या बॅचमधले मणी नेहमीच्या सवयीने फॉस्फेट बफरमध्ये ठेवले. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेते. बांध सुटतो, मणी फुगतात आणि शेवटी विरघळतात. सोमवारी कुपी उघडली तेव्हा आत मण्यांऐवजी चिकट, गढूळ पांढरा द्राव होता. ती बिचारी दोन दिवस बोलली नाही. अल्जिनेटचे रसायन आम्हाला ठाऊक असायला हवे होते, हे मान्य. पण ही सूचना मार्गदर्शिकेच्या चौथ्या पानावर, मधल्या परिच्छेदात होती आणि कुपीवर फक्त बॅच क्रमांक व तारीख. ज्या चुकीने सगळा माल मातीमोल होतो, ती सूचना मालावरच हवी.

वेळेच्या बाबतीत विद्यापीठाकडून कारखान्याची अपेक्षा ठेवू नये. तीनपैकी दोन बॅच उशिरा आल्या, आणि त्यातली एक परीक्षांच्या काळात अडकली होती. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी मणी हवे असणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची आधीच चौकशी करावी: निर्जंतुक करण्यासाठी गॅमा किरण किंवा ऑटोक्लेव्हची दाबाची वाफ वापरली तर अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, आणि बेरियमचे कण मिसळलेले द्रावण बारीक फिल्टरमधून गाळताही येत नाही, म्हणून अल्जिनेट आधी गाळून, कण वेगळे निर्जंतुक करून, पुढचे सगळे काम निर्जंतुक कक्षात करावे लागते. गट हे करतो, परंतु त्याला दुप्पट वेळ लागतो. एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंपासून आलेल्या विषारी अंशांची, चाचणी वेगळी मागावी लागते. समुद्रशैवालातून आलेल्या पदार्थात ती मागितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

अशा गटांचे काम रुग्णापर्यंत पोहोचते का, असे मला सहकारी विचारतात, तेव्हा मी नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या विद्यापीठीय वैद्यकीय केंद्राचे उदाहरण देतो. तिथे पॉलिलॅक्टिक आम्लाच्या मण्यांत होल्मियम-१६६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य भरले गेले. त्याचे बीटा किरण गाठीवर उपचार करतात, गॅमा किरण कॅमेऱ्यात दिसतात, आणि चुंबकीय गुणामुळे तोच मणी एमआरआयमध्येही उमटतो. त्याचे अर्धायुष्य साधारण २७ तासांचे असल्याने मणी तयार करून, पाठवून, वापरण्यापर्यंतचे सगळे घड्याळाकडे पाहून करावे लागते. ते मणी २०१५ मध्ये युरोपातील वापरासाठी मान्य झाले. मी ज्या गटाबद्दल लिहितो आहे तो त्या टप्प्यापासून बराच दूर आहे, आणि ते स्वतः कोणाला तसे भासवतही नाहीत.

तिसरी बॅच गेल्या महिन्यात आली. व्यासाचा पसारा या वेळी मागणीच्या आत आहे, अहवालात शेपटीवाल्या मण्यांचे छायाचित्र आहेच, आणि प्रत्येक कुपीवर लाल अक्षरांत एक ओळ वाढली आहे: फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या द्रावात ठेवू नये. विद्यार्थिनीने त्यातली एक कुपी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली आहे. चौथ्या बॅचची मागणी आम्ही नोंदवली असून, औषधाचा नवा आलेख तिच्यासोबत यावा असे पत्रात वेगळे लिहिले आहे.